सोबत कोण राहणार

अमरावती, १५ जून

सौ. पार्बता हिस,

आशीर्वाद. रीत म्हणून लिहिला की मनातून, ते तू ठरव.

अबोला धरलेली बाई पत्र कशी लिहिते, असं तुला वाटेल. अबोला बोलण्याचा असतो. गेल्या महालक्ष्म्यांपासून आपण दोघी जावा एका घरात, एका चुलीवर, एकमेकींशी शब्द न बोलता राहिलो. तो नियम मी मोडलेला नाही आणि तूही मोडायचं कारण नाही. पत्र एवढ्याचसाठी, की घरातून गेलेल्या माणसाचा पत्ता घरात असावा. केशवभाऊजींना फोनवर सांगितला असता, पण तुझा नवरा कागद हरवतो आणि आकडे उलटे लिहितो. तू चौथी शिकलेली आहेस. सावकाश वाच.

पत्ता लिहून घे. राजकमल चौकाजवळ, साड्यांच्या दुकानावर, दुसरा मजला. दोन खोल्या आणि पुढे गॅलरी. पातूरला मी वेडी झाले असं म्हणत असतील. म्हणू देत. मी या गावात कॉलेज केलं आहे. जन्मभर शाळेत पोरींना मराठी शिकवून निवृत्त झाले आहे. मला माझं घर भाड्याने घेता येतं.

मात्र घर मिळणं सोपं गेलं नाही. गोपाल नावाच्या दलालाने मला स्कूटरवर बसवून साईनगर, रुक्मिणीनगर, राजापेठ, सगळं दाखवलं. प्रत्येक दारात एकच प्रश्न. सोबत कोण राहणार? रुक्मिणीनगरात एक बाई जाळीच्या दाराआडूनच म्हणाली, "एकट्या बाईमाणसाले आमी देत नाही वो. क्लासच्या पोरी असल्या तं देतो. पण म्हाताऱ्या माणसाचं कसं हाय..." पुढचं तिने गिळलं. मी पूर्ण करून दिलं, "मेलं तर कोण पाहणार." ती म्हणाली, "तसं नाई वो." तसंच होतं.

गोपाल खाली उतरताना म्हणाला, "मावशी, पोराचं नाव सांगत जा ना."

"पोरगा पुण्यात असतो."

"तं राहू द्या ना पुण्यात. मालक थोडाच पुण्याले जाऊन पाहून राहिला."

योगेशचं नाव मी सांगितलं नाही. त्याच्याकडे महिनाभर राहून पाहिलं. चांगला आहे तो, सूनही चांगली आहे. दोघं सकाळी निघतात आणि मला दिवसभर फोनवर विचारतात, आई जेवलीस का. जेवले म्हणून सांगायला मी पुण्यात राहायचं?

शेवटी ही जागा. मालक ओमप्रकाशजी, खालचं साड्यांचं दुकान त्यांचंच. इथे आधी हाडांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. ओमप्रकाशजींनीही तेच विचारलं. "मॅडम, जागा एकदम सेंटरची हाय. खाली उतरलं की सगळं भेटते. पण सोबत कोण राहीन?"

मी म्हणाले, "माझी धाकटी जाऊ येणार आहे."

"कवा?"

"घरची कामं आटोपली की."

"म्हणजे दिवाळीच्या आत?"

"आत."

"मंग टेन्शन नाही. दोघी-दोघी असल्या म्हंजे मले बी झोप लागते."

करारात तुझं नाव घातलं आहे. वय अंदाजे लिहिलं, कारण ते तुलाही माहीत नाही. तू यावंस असं मी म्हणत नाही. फक्त तुला माहीत असावं, की अमरावतीत तू माझ्याकडे राहतेस.

वच्छला

अमरावती, ६ जुलै, रविवार

सौ. पार्बता हिस,

आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. मी मागितलंही नव्हतं.

इथलं लिहिते. सकाळी दुकानांची शटरं वर गेली की जो आवाज सुरू होतो तो रात्रीपर्यंत थांबत नाही. ऑटोवाले, हॉर्न, सेलची जाहिरात करणारा भोंगा. जिन्यात नव्या कापडाचा वास आणि कोपऱ्यावरच्या कचोरीचा. तिसऱ्या मजल्यावर क्लास आहे. तिथली पोरं जिना चढताना माझ्या दाराशी चपला घासतात. पहिल्या आठवड्यात मी दार उघडून त्यांना नीट चालायला सांगितलं. आता ती दबकत जातात. खरं तर इतकं दबकायची गरज नाही.

मग शटरं पडतात. आधी साड्यांचं, मग भांड्यांचं, मग मोबाइलवाल्यांची एकापाठोपाठ. सगळ्यात शेवटी पहिल्या मजल्यावरची गीतांजली. ती साड्यांना फॉल लावून देते, पिको करते. कुलूप लावलं की खालूनच ओरडते, "काकू, चालली मी. दार लावून घ्या." ती गेली की या इमारतीत माझ्याशिवाय कोणी राहत नाही. राहतात ते घरांमध्ये, आणि ही इमारत घरांची नाही. रविवारी हे दिवसाही कळतं. आज रविवार आहे.

घरी येणारे मात्र पुष्कळ आहेत. डॉक्टर कॅम्प भागात गेले, पण त्यांचे पेशंट अजून इथेच येतात. पाटी काढली तरी पाय ओळखतात. बेल वाजते, मी आतून विचारते, "कोण आलं?" बाहेरून आवाज, "डॉक्टर हायेत का?" परवा अचलपूरहून एक म्हातारा एसटीने आला, कमरेत वाकलेला, सोबत बायको. मी सांगितलं डॉक्टर गेले.

"मंग तुमी कोन?"

"मी इथे राहते."

म्हाताऱ्याने आत डोकावून पाहिलं. भिंतीवर पाठीच्या कण्याचं मोठं चित्र आहे. ओमप्रकाशजी ते खरवडून देणार होते, दिलं नाही. तो बायकोला म्हणाला, "इथं काही राहत नसते कोनी. बाई खोटं बोलून राहिली. डॉक्टर जेवत असतीन." मग तो बसलाच. मी पाणी दिलं, चहा दिला. बायकोने सांगितलं की त्यांच्या संत्र्याच्या झाडांवर यंदा फळ चांगलं धरलं आहे. दुपारी गेले.

गीतांजली म्हणते, "काकू, पुठ्ठ्यावर लिहून लावा ना, डॉक्टर गेले म्हणून. तुमचं अक्षर किती चांगलं हाय. बेलची कटकट तरी बंद होईन."

लावणार आहे. चांगला पुठ्ठा मिळाला नाही अजून. बाहेर एक बाक ठेवला आहे, तो खाली अडगळीत पडला होता म्हणून.

ओमप्रकाशजी दोनदा विचारून गेले, जाऊबाई कवा येतीन. म्हणाले, "मॅडम, राग नका मानू. मागं एका बिल्डिंगीत एकटे मास्तर होते. तीन दिवस कोणाले पत्ता नव्हता." मी म्हणाले, तिची झेंडूची लावण चालू आहे. चालू असेलच ना? जुलै आहे.

वच्छला

अमरावती, ३ ऑगस्ट

सौ. पार्बता हिस,

हे पत्र रागाने लिहीत आहे, तेव्हा आशीर्वाद पुढच्या वेळी.

इथे भिंतींना ओल आली म्हणून मी मोठी ट्रंक उघडली. लोकरीचे कपडे आणि ह्यांची पुस्तकं, एवढंच तिच्यात होतं, म्हणून आल्यापासून उघडली नव्हती. शालीखाली काहीतरी जड लागलं. लुगड्यात बांधलेलं. सोडून पाहते तर थोरली महालक्ष्मी. पितळी मुखवटा, नथीसकट, डाव्या गालावर पोचा. थोरलीच. पोचा कुठे पडला ते तुला सांगायला नको. तुझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी तुझ्या हातून ओट्यावर पडली होती, आणि सासूबाईंना मी सांगितलं होतं की माझ्या हातून पडली.

पार्बता, ही काय धांदल आहे? मुखवट्यांच्या कपाटाची किल्ली तुझ्या कमरेला असते. कपाट झाडताना काढले असशील, कपड्यांच्या ढिगात एक गेला असेल, आणि ढीग माझ्या ट्रंकेत. मी निघाले त्या सकाळी शाळेत भेटून यायला गेले होते, तेवढ्यात तुम्ही ट्रंक भरून ठेवलीत. दोन महिने ती माझ्या स्वेटरांखाली पडून आहे. महालक्ष्म्या महिन्याच्या शेवटी बसायच्या आहेत. एकीला बसवता येत नाही, दोघी बहिणी जोडीनेच बसतात, आणि तुला अजून ती नाहीशी झाल्याचा पत्ताही दिसत नाही.

पार्सलने पाठवता येणार नाही. एसटीच्या टपावर टाकायला ती काही फुलांची टोपली नव्हे. आपल्या घरात मुखवटा घरच्या बाईनेच हातात आणायचा असतो. तेव्हा तुझ्या सुनेला, आरतीला, पाठव. तिला येणं सोपं. पातूरहून अकोला, अकोल्याहून अमरावती. राजकमल चौक कोणीही सांगेल. तोवर थोरलीला मी डॉक्टरांच्या औषधांच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवली आहे. काच पुसून घेतली आहे.

गीतांजलीने पाहिली. हात जोडून म्हणाली, "काकू, कोनं आनली ही?"

मी म्हणाले, चुकून आली.

"देवी कुठं चुकून येते का बाप्पा," म्हणून ती हसली. ह्या पिको करणाऱ्या पोरींना सगळ्यात अर्थ दिसतो.

वच्छला

अमरावती, १७ ऑगस्ट, रविवार

सौ. पार्बता हिस,

आशीर्वाद, मागचाही धरून.

केशवभाऊजींचा फोन आला होता. ते अकोल्याच्या बाजारात फुलं उतरवत होते, मागे सगळा गलका. मी विचारलं, आरती केव्हा निघते?

"वहिनी, आरती काही येत नाही."

"मग तुम्ही या."

"मी बी नाही. माणसाच्या हातानं थोडीच येते ती."

"मग मुखवट्याचं काय करायचं?"

"मले काहून विचारता? मले काही माहीत नाही. घरात हिले विचारलं तं म्हणते, ज्यानं नेलं त्यानंच आणा लागते."

"मी नेलेला नाही. चुकून आला."

भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमी शिकलेल्या हा. मी शेवंतीवाला माणूस. ठेवू का?" आणि ठेवला.

मी ते लुगडं पुन्हा काढून पाहिलं. रागात मी ते बाजूला टाकलं होतं. ते तुझं माहेरचं हिरवं लुगडं आहे, जे तू भाच्याच्या लग्नालाही नेसली नाहीस. कपड्यांच्या ढिगात ते कसं येईल? आणि त्याच्या पदराला गाठ होती. सोडली तर आत हळदकुंकू, पुडीत. थोरलीचं तोंड कापसात गुंडाळलं होतं, नथ मोडू नये म्हणून वेगळी दोऱ्याने बांधली होती. धांदलीत असं कोणी बांधत नाही. धांदलीत तुला दुधावर झाकण ठेवायचंही सुचत नाही.

दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. पेशंट आले, त्यांना पाणी दिलं, त्यांनी काय सांगितलं ते ऐकलं नाही.

तू मला थांब म्हणू शकली नाहीस. अबोला होता. मी ऑटोत बसले तेव्हा तू विहिरीपाशी उभी होतीस आणि कारण नसताना बादली धूत होतीस. मी पाहिलं होतं.

माझं यायचं काही ठरलेलं नाही.

वच्छला

अकोला, बस स्थानक, ३० ऑगस्ट

पार्बता,

पातूरची गाडी लागायला वेळ आहे. हे पत्र इथेच पेटीत टाकीन. मी तुझ्या दारात आज पोचेन, पत्र मी परत गेल्यावर पोचेल. तेच बरं. हे वाचताना मी तुझ्यासमोर नसावं.

थोरली मांडीवर आहे, तुझ्याच लुगड्यात. शेजारची एक पोरगी म्हणाली, "आजी, खाली ठेवा ना, हात दुखतीन." मी नाही म्हणाले. दुखतात. अमरावतीहून इथवर उतरवली नाही.

गेल्या वर्षी काय झालं ते तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने ते कसं दिसलं ते तुला माहीत नाही. म्हणून लिहिते.

ह्यांना जाऊन वर्ष उलटलं होतं. महालक्ष्म्या बसायच्या होत्या. लग्न होऊन आले त्या वर्षापासून थोरली उंबरठ्याच्या आत मी आणली आहे. तू आत उभी राहून विचारायचीस, कोण आलं. मी सांगायचे, थोरली आली. मग तू बाहेर जाऊन धाकटीला घ्यायचीस आणि आतून मी विचारायचे. सासूबाईंनी आपल्याला असंच लावून दिलं होतं. मी रांगोळीची पावलं काढली, हात धुतले, मुखवटा घ्यायला वाकले. आणि तू म्हणालीस, "मोठ्या बाई, तुमी बसा आता. थोरली आरती आणीन." सगळ्या बायका बघत होत्या. कोपऱ्यात लोखंडी खुर्ची आधीच मांडून ठेवली होती. ती खुर्ची मला जास्त लागली. म्हणजे आधी ठरलं होतं, आणि कोणी तरी ती उचलून आणली होती.

आवाज तुझा होता. वाक्य चुलत सासूबाईंचं होतं, हे मला तेव्हाही कळलं. दुसऱ्या कोणाचं वाक्य तू माझ्यासाठी तोंडात घेतलंस, हे मला सोसलं नाही. पोचा पडला त्या दिवशी मी तुझ्यासाठी खोटं बोलले होते. गेल्या वर्षी तुला माझ्यासाठी खरं बोलता आलं नाही. मी खुर्चीवर बसले, आरती आत आली, आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलले नाही.

आता मी दाराशी येईन आणि तिथे त्याच बायका असतील. चुलत सासूबाई असतील. पुन्हा खुर्ची मांडलेली असली, तर मी थोरली उंबरठ्यावर ठेवीन आणि त्याच पावली परत फिरेन. मग अमरावतीच्या करारातलं तुझं नावही काढून टाकीन. हे धमकी म्हणून लिहीत नाही. पत्र तुला नंतरच मिळणार आहे. स्वतःशी ठरवलं आहे, ते कुठेतरी लिहून ठेवावं म्हणून.

गाडी लागली.

अमरावती, ५ सप्टेंबर

प्रिय पार्बता,

आशीर्वाद.

सुखरूप पोचले. जिना चढताना दम लागला. गीतांजली खालून म्हणाली, "काकू, चार दिवस बिल्डिंग कशी खाली खाली वाटे." तिने तीन पेशंटांना बाकावर बसवून घेतलं होतं, मी येईन म्हणून. मी डॉक्टर नाही हे तीही विसरली आहे.

तुझ्याकडे आले त्या संध्याकाळी मला वाटलं होतं, काही होणार नाही. तू ओट्यावर डाळ निवडत होतीस. मला पाहिलंस आणि सुनेला म्हणालीस, "आरती, इचार बरं, चहात साखर घेतेत का अजून, का अमरावतीले जाऊन सोडली." मी आरतीला सांगितलं, घेते म्हणावं, एक चमचा. तू म्हणालीस, "मंग आधी दोन घेत." आरती बिचारी दोघींच्या मधे कपबशी घेऊन उभी. आंबील ढवळताना तू भिंतीला सांगितलंस, "ज्वारी भरड झाली वाटते. शिकलेल्या माणसानं पाहून सांगावं." मी चाखली आणि त्याच भिंतीला सांगितलं, मीठ कमी आहे. केशवभाऊजी म्हणाले, "भिंतीलेच हळदकुंकू लावा आता." तू हसलीस, तोंड फिरवून. अबोला मोडला नाही. तो तुझा मुद्दा होता की माझा, मला आता आठवत नाही.

थोरली मात्र मी रात्रभर माझ्या उशाशीच ठेवली. तुझ्या हातात दिली नाही, आणि तू मागितली नाहीस.

दुसऱ्या दिवशीचं तुला माहीत आहे. तरी तू आत होतीस, दारातून मला काय दिसलं ते ऐक. बायका जमल्या होत्या. मी कोपऱ्यात पाहिलं. खुर्ची नव्हती. चुलत सासूबाई तुला म्हणाल्या, "अवं पार्बते, ह्या आणतीन का थोरली?" मी मुखवटा उंबरठ्यावर ठेवायला वाकलेच होते. तू थाळी वाजवत होतीस, ती थांबवलीस, आणि म्हणालीस, "थोरली मोठ्या बाईच्या घरून येऊन राहिली, आत्याबाई. अमरावतीहून त्याईच्या हातात आली. घरून निघालेली देवी मधातच दुसऱ्याच्या हाती देतेत का? तुमीच सांगा."

त्या दारातून बाजूला सरकल्या.

तू हे जूनमध्येच ठरवलं होतंस. ट्रंकेत गाठ बांधताना. मी बी.ए. झालेली आणि मला ते कळायला ऑगस्ट लागला, आणि पूर्ण कळायला तो उंबरठा. तू म्हणालीस, मोठ्या बाईच्या घरून. ह्या दोन खोल्यांना ओमप्रकाशजी जागा म्हणतात. पेशंट दवाखाना म्हणतात. योगेश म्हणतो, आई, तिकडे. घर कोणी म्हटलं नव्हतं. मीही नाही.

मग तू विचारलंस, "कोण आलं?"

वर्षभर तुझा आवाज घरात ऐकत होते, पण माझ्याकडे तोंड करून विचारलेला तो पहिला प्रश्न. मी आधी थोरलीची नथ सरळ केली. बायकांना वाटलं मी उत्तर विसरले.

"थोरली आली."

"कशाच्या पावलानं?"

"सोन्याच्या पावलानं."

मग तू धाकटीला घेऊन दारात उभी राहिलीस आणि मी आतून विचारलं. तू इतकी हळू बोललीस की मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं. पूजेतलं बोलणं अबोल्यात धरत नाहीत, असं सासूबाई म्हणायच्या. त्या हयात असत्या तर विचारलं असतं, पूजा संपल्यावरचं धरतात का. कारण संपल्यावर आपण पुन्हा भिंतीशीच बोललो. तिसऱ्या दिवशी मी निघाले, तू विहिरीपाशी बादली धूत होतीस.

आज पिशवी रिकामी केली. फराळाच्या करंज्या, फुलोऱ्यातली एक तुटकी तळलेली वेणी, आणि तळाशी पुन्हा जड. हे लुगडं निळं आहे. गाठ तशीच. आत धाकटी.

कोणी ठेवली ते विचारत नाही. थोरली तुझ्याकडे, धाकटी माझ्याकडे. दोघी बहिणींना वर्षभर वेगळं ठेवू नये, हे सासूबाईंनी आपल्या दोघींना एकाच दिवशी सांगितलं होतं, तेव्हा ते तुझ्या लक्षात नाही असं म्हणू नकोस. एकीने दुसरीकडे जावं लागेल. मी पातूरला परत राहायला येणार नाही. तिथे माझ्यासाठी खोली आहे हे मला माहीत आहे, पण तू स्वतः म्हणालीस की माझं घर अमरावतीला आहे. आणि ते तू सगळ्यांसमोर म्हणालीस.

धाकटीला काचेच्या कपाटात ठेवली आहे. समोर पाठीच्या कण्याचं चित्र. ते उद्या खरवडणार आहे, तिने रोज हाडं बघावीत असं मला वाटत नाही. आज संध्याकाळी शटरं पडली, गीतांजली ओरडून गेली, आणि मी दिवा लावून तिच्यासमोर बसले. बोलले काहीतरी. पितळ आहे, ऐकून घेतं. पण मीठ कमी आहे असं सांगत नाही.

ओमप्रकाशजी जिन्यात भेटले होते. "मॅडम, दिवाळी आली जवळ. जाऊबाईचं काय झालं? खरंच हायेत ना त्या?" मी सांगितलं, आहेत. रविवारी येऊन भेटा म्हणाले. आता त्यांना धाकटी दाखवायची आहे, आणि ही चालणार नाही. कायमचं राहायला ये असं मी म्हणत नाही. तुझी शेवंती आहे, भाऊजी आहेत. झेंडू काढून झाला की ये, चार दिवसांसाठी ये, थोरलीला घेऊन ये नाहीतर रिकाम्या हाताने ये. आरतीला मधे आणू नकोस. इथे भिंती आहेत, पण त्या भाड्याच्या आहेत, त्यांच्याशी मी बोलत नाही.

चौकात उतर, साड्यांच्या दुकानाच्या बाजूचा जिना, दुसरा मजला. पुठ्ठा मी अजून लावलेला नाही. दिवसभर बेल वाजते आणि मी आतून विचारते, कोण आलं. सगळे चुकीचं उत्तर देतात. बरोबर उत्तर तुला पाठ आहे.

तुझी,
मोठ्या बाई